विश्लेषण : नोबेल एक, निष्कर्ष दोन! मेंदूतील पेशी सुट्या असल्याचे काहाल यांनी कसे ओळखले?

डिसेंबर १९०६ मध्ये स्टॉकहोम येथे एक अवघड प्रसंग उभा राहिला. वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक प्रथमच दोघांत विभागून देण्यात आले होते. एक मानकरी इटलीचे कॅमिल्लो गॉल्जी, दुसरे स्पेनचे सान्तियागो रामोन इ काहाल. दोघांनीही मेंदूचे पातळ काप एकाच पद्धतीने रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले होते. पण ११ डिसेंबरच्या भाषणात गॉल्जी यांनी काहाल यांचा सिद्धान्तच मोडीत काढला. दुसऱ्या दिवशी काहाल उभे राहिले आणि त्यांनी तोच सिद्धान्त पुराव्यांसह मांडला. आज जगभरातील वैद्यकीय महाविद्यालयांत काहाल यांचे म्हणणे शिकवले जाते. नाव्ह्याची आणि चांभाराची उमेदवारी केलेला एका खेडेगावातील मुलगा तिथपर्यंत कसा पोहोचला, त्याची ही गोष्ट.

वाद नेमका कशाचा होता?

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत एक गोष्ट मान्य झाली होती. झाड असो वा प्राणी, प्रत्येक सजीव पेशींचा बनलेला असतो. त्वचा, स्नायू, यकृत यांच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली वेगवेगळ्या दिसत होत्या. मेंदू मात्र या नियमात बसत नव्हता. त्यात इतके बारीक आणि इतके गुंतलेले धागे दिसत की एक कुठे संपतो आणि दुसरा कुठे सुरू होतो, हे सांगता येत नसे. त्यामुळे मेंदू म्हणजे एकमेकांत मिसळलेल्या धाग्यांचे अखंड जाळे आहे, असे बहुतेक शास्त्रज्ञ मानत. जर्मनीच्या जोसेफ फॉन गेरलाख यांनी १८७२ मध्ये हे मत ठामपणे मांडले होते.

हा प्रश्न केवळ रचनेचा नव्हता. मेंदू अखंड जाळे असेल, तर संदेश कुठून कुठे गेला, कोणता भाग कोणते काम करतो, इजा झाल्यावर नेमके काय तुटते, हे सांगणे जवळजवळ अशक्य होते. पेशी सुट्या असतील, तर मात्र मेंदूचा नकाशा काढता येणार होता.

ऊतिशास्त्र म्हणजे काय?

एकसारखे काम करणाऱ्या पेशींच्या समूहाला ऊती म्हणतात. या ऊतींची रचना सूक्ष्मदर्शकाखाली अभ्यासणारे शास्त्र म्हणजे ऊतिशास्त्र, अर्थात हिस्टॉलॉजी. आज एखाद्या रुग्णाची बायोप्सी होते, तेव्हा गाठीचा तुकडा प्रयोगशाळेत जातो आणि त्याचे काप पाहून डॉक्टर अहवाल देतात. त्यामागे हेच शास्त्र असते.

पण ऊतीचा तुकडा काचेवर ठेवला आणि पाहिला, इतके ते सोपे नाही. शरीराबाहेर काढलेली ऊती लगेच खराब होऊ लागते, म्हणून ती आधी रसायनात टिकवावी लागते. मग ती मेणासारख्या पदार्थात घट्ट बसवून तिचे अतिशय पातळ काप घेतात. आजच्या नेहमीच्या तपासणीत हे काप ३ ते ५ मायक्रोमीटर जाडीचे असतात, म्हणजे केसाच्या जाडीच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी. एवढे करूनही काप जवळजवळ पारदर्शक दिसतो. त्यात फरक कळावा यासाठी तो रंगवावा लागतो. कोणता रंग वापरला, यावर काय दिसणार हे ठरते. मेंदूच्या बाबतीत नेमके तेच घडले.

काहाल यांचे बालपण कसे गेले?

सान्तियागो यांचा जन्म १ मे १८५२ रोजी स्पेनमधील पेतिया दे आरागोन या डोंगराळ खेड्यात झाला. वडील हुस्तो रामोन हे शल्यचिकित्सक होते. स्वतः कष्टाने शिकलेले आणि स्वभावाने कडक. मुलाला मात्र चित्रे काढण्याचा नाद होता. चित्रकला म्हणजे वेळेचा अपव्यय, असे वडिलांचे मत असल्याने घरात सतत खटके उडत. मुलगा खोडकरही होता. अकराव्या वर्षी त्याने घरीच एक तोफ तयार केली, ती शेजाऱ्याच्या फाटकावर डागली आणि त्यापायी त्याला काही दिवस कोठडीची हवा खावी लागली.

शाळेत लक्ष नाही म्हटल्यावर वडिलांनी त्याला आधी नाव्ह्याकडे आणि नंतर चांभाराकडे कामाला ठेवले. वळण लागले ते १८६८ च्या उन्हाळ्यात. शरीररचना शिकवण्यासाठी वडील त्याला जुन्या दफनभूमीत घेऊन गेले. तिथे मिळालेली हाडे घरी आणून तो त्यांची चित्रे काढू लागला. ज्या छंदावरून घरात भांडणे होत, तोच छंद आता अभ्यासाचा भाग झाला. पुढे १८७३ मध्ये काहाल यांनी सारागोसा येथून वैद्यकीय पदवी मिळवली.

सूक्ष्मदर्शकाशी गाठ कधी पडली?

पदवीनंतर त्यांना लष्करात भरती व्हावे लागले. क्यूबा तेव्हा स्पेनची वसाहत होती आणि तिथे स्वातंत्र्यासाठी लढा सुरू होता. १८७४ मध्ये लष्करी डॉक्टर म्हणून काहाल तिथे गेले. दलदलीच्या भागातील छावण्यांत त्यांना मलेरियाने गाठले आणि प्रकृती पार ढासळली. १८७५ मध्ये ते मायदेशी परतले.

१८७७ मध्ये डॉक्टरेटच्या परीक्षेसाठी ते माद्रिदला गेले होते. तिथे प्राध्यापक माएस्त्रे दे सान हुआन यांच्या प्रयोगशाळेत त्यांनी ऊतींच्या स्लाइड पाहिल्या आणि ते भारावून गेले. परतल्यावर त्यांनी हप्त्यांवर सूक्ष्मदर्शक घेतला आणि घरीच छोटी प्रयोगशाळा थाटली. पुढच्याच वर्षी क्षयरोगाने त्यांना अंथरुणाला खिळवले. त्यातून ते सावरले. १८७९ मध्ये सिल्वेरिया फान्यानास यांच्याशी त्यांचा विवाह झाला. या दाम्पत्याला सात मुले झाली. प्राध्यापकाच्या बेताच्या पगारात संसार आणि संशोधन दोन्ही चालवायचे होते.

१८८५ मध्ये स्पेनमध्ये कॉलऱ्याची साथ पसरली. काहाल तेव्हा व्हॅलेन्सियात शरीररचनाशास्त्राचे प्राध्यापक होते. सारागोसाच्या प्रांतिक प्रशासनासाठी त्यांनी साथीचा अभ्यास केला. त्या कामाबद्दल प्रशासनाने त्यांना त्या काळातील उत्तम दर्जाचा झाइस सूक्ष्मदर्शक भेट दिला. साधनांच्या बाबतीत युरोपातील मोठ्या प्रयोगशाळांच्या बरोबरीने बसण्याची ही त्यांची पहिली संधी होती.

गॉल्जी यांची ‘काळी अभिक्रिया’ काय होती?

शाळेच्या पुस्तकात पेशीच्या आकृतीत एका भागाला गॉल्जी यांचे नाव असते. तो भाग त्यांनी १८९८ मध्ये शोधला. त्याच्या २५ वर्षे आधी, १८७३ मध्ये, मिलानजवळच्या आब्बियातेग्रासो येथील रुग्णालयात काम करताना त्यांना आणखी एक मोठा शोध लागला होता. प्रयोगशाळा म्हणजे रुग्णालयाचे एक जुने स्वयंपाकघर. तिथे त्यांनी मेंदूचा तुकडा आधी पोटॅशियम डायक्रोमेटमध्ये आणि मग सिल्व्हर नायट्रेटमध्ये ठेवला. त्यातून तयार होणारे सिल्व्हर क्रोमेट काही मोजक्या पेशींमध्ये साचले आणि त्या पेशी पिवळसर पार्श्वभूमीवर काळ्याकुट्ट उठून दिसू लागल्या.

या पद्धतीचे वैशिष्ट्य असे की ती सगळ्या पेशी रंगवत नाही. शंभरातील जेमतेम काही पेशी काळ्या होतात, पण ज्या होतात त्या फांद्यांसह दिसतात. नेमक्या त्याच पेशी का रंगतात, हे कोडे आजही पूर्ण उलगडलेले नाही. सगळ्याच पेशी रंगल्या असत्या, तर काप नुसता काळा दिसला असता.

तरीही गॉल्जी यांना त्या स्लाइडवर अखंड जाळेच दिसले. पेशींच्या लांब तंतूंची टोके एकमेकांत मिसळतात, असा त्यांचा निष्कर्ष होता. पद्धत लहरी असल्याने इतर शास्त्रज्ञ तिच्या वाटेला फारसे गेले नाहीत. पुढची १४ वर्षे ती जवळजवळ दुर्लक्षितच राहिली.

१८८८ मध्ये काहाल यांनी वेगळे काय केले?

१८८७ मध्ये काहाल माद्रिदला गेले असता मेंदूविकारतज्ज्ञ लुइस सिमार्रो यांनी त्यांना गॉल्जी पद्धतीच्या स्लाइड दाखवल्या. काहाल यांनी हीच पद्धत पुढे न्यायचे ठरवले. त्याच वर्षी ते बार्सिलोनात ऊतिशास्त्राचे प्राध्यापक म्हणून रुजू झाले. बुद्धिबळाचे त्यांना जवळजवळ व्यसन होते. तेही त्यांनी याच काळात सोडले.

त्यांनी पद्धतीत दोन महत्त्वाचे बदल केले. पहिला रासायनिक. ऊतीचा तुकडा त्यांनी त्याच द्रावणांच्या प्रक्रियेतून पुन्हा नेला. त्यामुळे रंग अधिक पक्का आणि भरवशाचा झाला. दुसरा बदल अधिक मोलाचा होता. प्रौढ प्राण्यांचा मेंदू घेण्याऐवजी त्यांनी पक्ष्यांची भ्रूणे आणि नुकती जन्मलेली पिल्ले घेतली.

याचे कारण असे. वाढ झालेल्या मेंदूत चेतापेशीच्या लांब तंतूवर, म्हणजे अक्षतंतूवर, मायलिन नावाचे स्निग्ध आवरण असते. त्यामुळे चांदीचा क्षार आत नीट पोहोचत नाही आणि तंतू मध्येच दिसेनासा होतो. भ्रूणात हे आवरण तयार झालेले नसते आणि फांद्याही कमी असतात. त्यामुळे तंतू सुरुवातीपासून शेवटापर्यंत पाहता येतो. दाट अरण्यात झाडे मोजण्यापेक्षा रोपवाटिकेतील कोवळी रोपे पाहणे सोपे, अशा अर्थाची तुलना काहाल यांनी स्वतःच केली होती.

पक्ष्यांच्या लहान मेंदूच्या कापांत त्यांना महत्त्वाचा पुरावा सापडला. तिथे पुरकिंजे पेशी नावाच्या मोठ्या पेशी असतात. शेजारच्या पेशींच्या तंतूंची टोके या मोठ्या पेशींभोवती टोपलीसारखी विणलेली होती. दुसरे काही तंतू त्यांच्या फांद्यांवर वेलीसारखे चढले होते. पण कोणताही तंतू त्या पेशीत शिरत नव्हता किंवा तिच्यात मिसळत नव्हता. तो तिला बिलगून तिथेच संपत होता. म्हणजे पेशी एकमेकींना भिडतात, पण प्रत्येक पेशी स्वतंत्र असते.

स्विस शास्त्रज्ञ विल्हेल्म हिस आणि ऑगस्ट फोरेल यांनी त्याआधी एक-दोन वर्षे असाच अंदाज व्यक्त केला होता. पण काहाल यांच्याकडे डोळ्यांनी दिसणारा पुरावा होता.

जगाने दखल कशी घेतली?

सुरुवातीला घेतलीच नाही. त्या काळी विज्ञानाच्या भाषा होत्या जर्मन, फ्रेंच आणि इंग्रजी. स्पॅनिश शोधनिबंध वाचणार कोण? काहाल यांनी मे १८८८ मध्ये स्वतःच्या खर्चाने एक त्रैमासिक सुरू केले. पहिल्या अंकाच्या फक्त ६० प्रती छापल्या आणि त्यांतील बऱ्याच परदेशी शास्त्रज्ञांना पाठवल्या. प्रतिसाद यथातथाच राहिला.

मग ऑक्टोबर १८८९ मध्ये जर्मन शरीररचना संस्थेच्या बैठकीसाठी ते पदरमोड करून बर्लिनला गेले. सोबत स्लाइड होत्या. भाषा अडत होती, म्हणून मोडक्यातोडक्या फ्रेंचमध्ये ते समजावून सांगत होते. पण स्लाइड वाचायला भाषा लागत नाही. ऊतिशास्त्रातील त्या काळचे सर्वांत ज्येष्ठ नाव म्हणजे ७२ वर्षांचे आल्बर्ट फॉन कोलिकर. त्यांनी डोळा लावला आणि त्यांना पुरावा पटला. कोलिकर तोवर जाळ्याच्या मताकडे झुकलेले होते. त्यांनी ते मत बदलले, काहाल यांचे प्रयोग स्वतः करून पाहिले आणि त्यांचे लेखन वाचता यावे म्हणून उतारवयात स्पॅनिश शिकून घेतली.

त्यानंतर घटना वेगाने घडल्या. १८९१ मध्ये जर्मनीच्या विल्हेल्म वाल्डेयर यांनी या स्वतंत्र पेशीला ‘न्यूरॉन’ हे नाव दिले. १८९४ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने काहाल यांना प्रतिष्ठेच्या क्रूनियन व्याख्यानासाठी बोलावले. तिथे ते चार्ल्स शेरिंग्टन यांच्या घरी उतरले होते. दोन न्यूरॉन जिथे भिडतात त्या जागेला ‘सिनॅप्स’ हे नाव १८९७ मध्ये याच शेरिंग्टन यांनी रूढ केले.

त्यांची चित्रे आजही का पाहिली जातात?

सूक्ष्मदर्शकातून छायाचित्रे घेणे तेव्हा शक्य होते आणि काहाल स्वतः छायाचित्रणाचे जाणकार होते. रंगीत छायाचित्रणावर त्यांनी १९१२ मध्ये पुस्तकही लिहिले. तरी मेंदूसाठी त्यांनी पेन आणि शाईच वापरली. जाड कापात पेशीच्या फांद्या वेगवेगळ्या खोलीवर असतात आणि छायाचित्रात एका वेळी एकच पातळी स्पष्ट येते. चित्रात मात्र सगळ्या पातळ्या एकत्र आणता येतात. ते तासन् तास स्लाइड पाहत आणि अनेकदा नंतर आठवणीतून चित्र रेखाटत. त्यामुळे एका चित्रात अनेक कापांतील निरीक्षणे एकत्र आलेली असत.

या चित्रांत ते छोटे बाणही काढत. संदेश पेशीच्या झाडासारख्या फांद्यांतून आत येतो आणि अक्षतंतूतून बाहेर जातो, म्हणजे त्याला दिशा असते, हे त्यांनी डोळ्याचा पडदा आणि घ्राणेंद्रिय यांच्या रचनेवरून ताडले. वीज मोजण्याचे साधन न वापरता, केवळ रचना पाहून काढलेला हा निष्कर्ष मोठ्या प्रमाणात बरोबर निघाला. वाढत्या तंतूच्या टोकावर असलेला, वाट शोधणारा सुळक्यासारखा भागही त्यांनी १८९० मध्ये ओळखला. तोही मृत ऊतीच्या स्थिर कापांवरून.

मात्र चित्र म्हणजे पाहणाऱ्याने लावलेला अर्थही असतो. गॉल्जी यांचीही चित्रे अतिशय सुबक होती. त्यांत जाळे दिसत होते. वादाची खरी अडचण हीच होती.

गॉल्जी यांचे चुकले कुठे?

गॉल्जी यांनी बहुतांशी प्रौढ ऊती पाहिल्या होत्या, जिथे तंतूंची टोके दिसतच नव्हती. मेंदू एकसंधपणे काम करतो, यावर त्यांचा विश्वास होता आणि जाळ्याची कल्पना त्याला जुळणारी होती. १९०६ पर्यंत पुरावा काहाल यांच्या बाजूने झुकला होता, तरी त्यांनी मत सोडले नाही. नोबेलच्या व्यासपीठावर त्यांनी न्यूरॉन सिद्धान्तावरच टीका केली. काहाल यांना ते लागले. तरी आपल्या भाषणात त्यांनी गॉल्जी यांच्या पद्धतीचे श्रेय त्यांना दिले. ती पद्धत नसती, तर काहाल यांचे कामही झाले नसते.

काहाल स्वतः चुकले का?

चुकले. मेंदूत न्यूरॉनखेरीज त्यांना आधार देणाऱ्या ग्लिया पेशीही असतात. काहाल यांच्या प्रयोगशाळेतील पीओ देल रिओ ओर्तेगा यांनी चांदीच्या क्षाराची नवी पद्धत वापरून त्यांतील दोन प्रकार स्पष्टपणे वेगळे दाखवले. मायक्रोग्लिया आणि ऑलिगोडेंड्रोग्लिया ही त्यांची नावे. ऑलिगोडेंड्रोग्लिया काहाल यांना स्वतःच्या पद्धतीने नीट दिसत नव्हत्या. त्यांनी त्यांच्या अस्तित्वाबद्दल शंका घेतली. संबंध बिघडले आणि १९२० मध्ये रिओ ओर्तेगा यांना ती प्रयोगशाळा सोडावी लागली. पुढे रिओ ओर्तेगा यांचे निरीक्षण खरे ठरले. आपल्या पद्धतीने जे दिसत नाही ते मान्य न करण्याची जी चूक गॉल्जी यांच्याकडून झाली, तशीच या वेळी काहाल यांच्याकडून झाली होती.

अखेर निकाल कसा लागला?

काहाल १९२२ मध्ये वयाच्या ७० व्या वर्षी निवृत्त झाले, पण काम थांबले नाही. जाळ्याच्या कल्पनेने पुन्हा डोके वर काढल्याने १९३३ मध्ये त्यांनी न्यूरॉन की जाळे, याच प्रश्नावर पुन्हा सविस्तर लिहिले. १७ ऑक्टोबर १९३४ रोजी माद्रिद येथे त्यांचे निधन झाले. तेव्हाही अंतिम पुरावा आलेला नव्हता.

तो येणेही शक्य नव्हते. दोन न्यूरॉनमधील फट साधारण २० नॅनोमीटर असते. साध्या प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाला सुमारे २०० नॅनोमीटरपेक्षा लहान अंतर वेगळे दाखवता येत नाही. म्हणजे काहाल आणि गॉल्जी ज्या फटीवरून भांडत होते, ती दोघांनाही कधी दिसणारच नव्हती. १९५० च्या दशकाच्या मध्यावर इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने सिनॅप्सची चित्रे मिळाली आणि दोन पेशींची स्वतंत्र आवरणे व त्यांमधील फट स्पष्ट दिसली. काहाल बरोबर होते.

निसर्गात अपवाद मात्र आहेत. काही न्यूरॉन सूक्ष्म मार्गिकांनी थेट जोडलेले असतात आणि त्यांतून विद्युत संदेश जातो. २०२३ मध्ये कंगवा जेली या समुद्री प्राण्याच्या शरीरात एकमेकांत मिसळलेल्या चेतातंतूंचे जाळे असल्याचे संशोधकांनी दाखवले. गॉल्जी यांची कल्पना आपल्या मेंदूला लागू पडली नाही, पण ती निसर्गात अशक्यही नव्हती.

आज या कामाचे महत्त्व काय?

मानवी मेंदूत सुमारे ८,६०० कोटी न्यूरॉन असतात. त्यांच्या जोडण्यांचे नकाशे काढण्याचे काम आज संगणकाच्या मदतीने सुरू आहे. अपस्मार, पार्किन्सन, अल्झायमर अशा आजारांत कोणत्या पेशी बिघडतात, त्यांच्या भेटीच्या जागी काय होते, हे प्रश्न विचारता येतात. त्याचे कारण पेशी स्वतंत्र आहेत हे आधी ठरले. मेंदूवर काम करणारी अनेक औषधे याच सिनॅप्सच्या फटीत परिणाम करतात.

काहाल यांच्या हजारो चित्रांचा, स्लाइडचा आणि कागदपत्रांचा संग्रह त्यांच्या शिष्यांच्या संग्रहासह २०१७ मध्ये युनेस्कोच्या ‘मेमरी ऑफ द वर्ल्ड’ नोंदणीत समाविष्ट झाला. त्या नोंदीत रिओ ओर्तेगा यांचेही साहित्य आहे.